१११ विमानांची खरेदी: राष्ट्रीय विमान कंपनीने ताफा कसा बदलावा?

सोलापुरात व्यवस्थापन शिकवताना मी दर वर्षी एक प्रकरण महिनाभर लावून धरतो. गेली काही वर्षं ते एअर इंडियाच्या २००५-०६ च्या विमान खरेदीचं आहे. मुलं आधी विचारतात, सर, आपला विमानांशी काय संबंध? होटगी रोडच्या विमानतळावरून विमान उडायला लागल्यापासून हा प्रश्न कमी झाला आहे. पण प्रकरण निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. सरकारी पैसा, दीर्घ मुदतीचं कर्ज, तंत्रज्ञान, माणसं आणि राजकीय घाई हे सगळं एकाच निर्णयात सापडावं असं दुसरं उदाहरण आपल्या देशात क्वचितच मिळेल. त्याचे कागदही उघड आहेत. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा म्हणजे कॅगचा २०११ चा अहवाल कुणालाही वाचता येतो.

परिस्थिती

२००४ साली सरकारच्या मालकीच्या दोन मोठ्या विमान कंपन्या होत्या. परदेशी मार्गांवर एअर इंडिया, देशात आणि शेजारच्या देशांत इंडियन एअरलाइन्स. दोन्ही कंपन्यांनी जवळपास दहा वर्षं नव्या विमानांची मोठी खरेदी केली नव्हती. एअर इंडियाची बोइंग ७४७-४०० विमानं १९९० च्या दशकात आलेली. इंडियन एअरलाइन्सची एअरबस ए३२० विमानं १९८९ पासून यायला लागली आणि पुढच्या पाचेक वर्षांत ती आवक थांबली. मधला काळ जुन्या आणि भाड्याच्या विमानांवर निघाला. तोवर जेट एअरवेजने देशातला चांगल्या पैशाचा प्रवासी ओढून नेला होता आणि २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटाचा रस्ता उघडला होता.

थोडक्यात, विमानं बदलायलाच हवी होती. याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं, माझंही नाही. वाद आहे तो किती, कोणती, कधी आणि कुणाच्या पैशाने, याचा.

जानेवारी २००४ मधला एअर इंडियाचा प्रस्ताव २८ विमानांचा होता: लांब पल्ल्याची १० आणि छोटी १८. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने प्रस्तावाचा फेरविचार करायला सांगितलं. काही महिन्यांत लांब पल्ल्याच्या विमानांचा आकडा १० वरून ५० झाला. डिसेंबर २००५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि जानेवारी २००६ मध्ये बोइंगशी ६८ विमानांचा करार झाला. त्यात ७७७-२००एलआर ८, ७७७-३००ईआर १५, ७८७-८ जातीची २७ आणि एअर इंडिया एक्स्प्रेससाठी ७३७-८०० जातीची १८ विमानं होती. पाठोपाठ इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडून ४३ घेतली: ए३१९ जातीची १९, ए३२० ची ४ आणि ए३२१ ची २०. दोन्ही मिळून १११.

वर्गातली पहिली फेरी

मी मुलांना २००५ च्या संचालक मंडळात बसवतो. पुढे काय झालं हे माहीत नाही असं धरून चालायचं. पहिल्या फेरीत बहुतेक गट एकच रीत वापरतात. निवृत्त होणारी विमानं मोजायची, बाजार वर्षाला अमुक टक्के वाढेल असं धरायचं, दोन्हींची बेरीज करायची आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. त्या रीतीने शंभरच्या आसपास सहज पोचता येतं. आकडा पटतोही, कारण २००५ साली बाजार खरंच धावत होता.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तिच्या वडिलांचे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत. ती म्हणाली, "सर, पण आमच्याकडं असं कोणच करत नाही की. जुने माग एकदम भंगारात काढले आन् सगळे नवे रॅपिअर माग एका दिवशी आणले तर जॉबर कुठनं आणणार? हप्ता तर पहिल्या महिन्यापासनं सुरू होतो." मग तिने सांगितलं की आधी दोन माग येतात. जॉबरचा, म्हणजे माग सांभाळणाऱ्या कारागिराचा, त्यांवर हात बसतो, सुटे भाग कुठे मिळतात ते कळतं, टॉवेलची मोठी ऑर्डर टिकते की एकाच हंगामाची आहे ते दिसतं, मगच पुढचे दोन. जुने माग तोवर साधा माल काढत राहतात. आणि बँकेत जाताना स्वतःची रक्कम हातात असावी लागते, त्याशिवाय कर्जाची फाइल हलत नाही.

त्या दिवशी फळ्यावरचा सगळा हिशेब पुसून आम्ही पुन्हा सुरुवात केली, कारण एवढ्या मोठ्या प्रकरणाची किल्ली तिच्या बोलण्यात होती. विमानांची संख्या हा नियोजनाचा शेवटचा आकडा असायला हवा. एअर इंडियाच्या बाबतीत तो पहिला ठरला आणि बाकी सगळं त्याला जुळवून घेण्यात आलं.

हप्ता कुणी भरायचा?

एअर इंडियाच्या ५० मोठ्या विमानांचाच खर्च सुमारे ३३ हजार कोटी रुपये. एक्स्प्रेसची १८ आणि इंडियन एअरलाइन्सची ४३ धरली तर एकूण रक्कम ४० हजार कोटींच्या बरीच वर जाते. याच्या समोर भागभांडवल किती होतं? दोन्ही कंपन्यांच्या विलीनीकरणानंतर नव्या कंपनीचं भरणा झालेलं भांडवल सुमारे १४५ कोटी रुपये. हा आकडा मी फळ्यावर लिहितो तेव्हा मुलांना वाटतं, एक शून्य राहिलं असेल. राहिलेलं नसतं.

वर्गासाठी सोपा हिशेब धरू. ४० हजार कोटी कर्ज, ८ टक्के व्याज. वर्षाचं नुसतं व्याज ३,२०० कोटी. मुद्दल वेगळं. म्हणजे विमानाने पहिला प्रवासी उचलायच्या आधीच, दर वर्षी भांडवलाच्या बावीस पट रक्कम व्याजात जाणार. विमानं टप्प्याटप्प्याने येतात म्हणून हा भार एकदम पडत नाही हे खरं, पण दिशा हीच. सरकारने हमी दिली, अमेरिकेच्या निर्यात बँकेचीही हमी मिळाली, त्यामुळे कर्ज स्वस्त पडलं. पण स्वस्त झालं तरी ते कर्जच. तोट्याच्या वर्षात मालक लाभांश सोडून देतो तसं धनको व्याज सोडत नाही.

त्यात कर्ज डॉलरमधलं. २००५-०६ मध्ये डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०१३ मध्ये त्याने साठी ओलांडली. तिकिटं मात्र बरीचशी रुपयात विकली जायची. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. भारतातल्या विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा ३५ ते ४० टक्के असतो, तेव्हा हा धक्का किती मोठा होता ते वेगळं सांगायला नको.

तेल आणि डॉलर कुणाच्या हातात नसतात, हे मान्य. पण म्हणूनच ते वाईट वागतील असं धरून आराखडा करायचा असतो. "तेल दीडपट झालं आणि रुपया दहा टक्के पडला तर कोणती विमानं परत करता येतील?" या प्रश्नाला बोइंगशी झालेल्या करारात उत्तर नव्हतं. सगळी ६८ पक्की मागणी होती.

मागणी कुठली?

लांब पल्ल्याची ५० विमानं भरायला प्रवासी लागतात, आणि भारतातून परदेशी जाणारा प्रवासी दुबई, अबू धाबी, दोहामार्गे जाऊ लागला तर ती भरत नाहीत. कॅगने नेमकं यावर बोट ठेवलं. २००७ ते २०१० या काळात दुबईसाठीची आठवड्याची आसनमर्यादा १८,४०० वरून ५४,२०० वर नेण्यात आली. प्रवाशांच्या दृष्टीने हे वाईटच होतं असं मी म्हणणार नाही. सोलापूर, सांगली, लातूरकडच्या कुटुंबांना आखातात आणि पुढे अमेरिकेत जायला स्वस्त पर्याय मिळाला. पण एकाच सरकारने एका हाताने राष्ट्रीय कंपनीला कर्ज काढून पन्नास मोठी विमानं घ्यायला लावायची आणि दुसऱ्या हाताने त्याच प्रवाशाची वाट दुसरीकडे वळवायची, हे एका घरातलं नियोजन नव्हतं. ताफ्याचा आराखडा आणि हवाई हक्कांचं, म्हणजे परदेशी कंपन्यांना किती आसनं उडवू द्यायची याचं, धोरण एकाच टेबलावर मांडायला हवं होतं. या प्रकरणातली सर्वांत गंभीर चूक मला हीच वाटते, कर्जापेक्षाही.

पाच विमानांची गोष्ट

७७७-२००एलआर हे विमान वर्गात तपशिलाने घेण्यासारखं आहे. २००७ मध्ये ती यायला लागली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई ते न्यूयॉर्क थेट सेवा सुरू झाली. विमान उत्तम, सोळा-सतरा तास न थांबता उडणारं. पण इतक्या लांब उडायचं तर निघताना पोटात प्रचंड इंधन घ्यावं लागतं आणि ते इंधन वाहून न्यायलाच आणखी इंधन जळतं. उड्डाणावर चार वैमानिक लागतात. आसनं अडीचशेच्या आत. म्हणजे तिकीट महाग विकलं गेलं तरच हिशेब बसतो. २००८ मध्ये तेल भडकलं, पुढे मंदी आली, आणि वरच्या वर्गाची आसनं भरली गेली नाहीत. शेवटी २०१३-१४ मध्ये आठपैकी पाच विमानं अबू धाबीच्या एतिहाद कंपनीला विकली.

इथवर गोष्ट ऐकून वर्ग ठरवून टाकतो की विमान चुकीचं निवडलं. मग मी पुढचं सांगतो. डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने उरलेल्या ७७७-२००एलआरवर दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली. बे एरियातले भारतीय अभियंते, त्यांचे आईवडील, कंपन्यांचे प्रवासी यांना आखातात थांबायचं नव्हतं आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायची त्यांची तयारी होती. त्या मार्गावर हे विमान चपखल बसलं. पुढे कंपनी टाटांकडे गेल्यावर २०२२-२३ मध्ये तिने याच जातीची पाच विमानं भाड्याने घेतली, पूर्वी डेल्टाकडे असलेली. पाच विकली, काही वर्षांनी तशीच पाच भाड्याने आणली.

विमान तेच होतं. आधी मार्ग नव्हता, नंतर मार्ग होता आणि विमानं गेली होती. विमानाची निवड म्हणजे मुळात मार्गाची निवड, हे मुलांना मी किती वेळा सांगितलं तरी पटत नाही. ही पाच विमानं दाखवली की पटतं.

७८७ च्या बाबतीत उलट झालं. ती २००८ पासून यायची होती. बोइंगकडेच उशीर झाला आणि पहिलं विमान सप्टेंबर २०१२ मध्ये आलं. चार महिन्यांत, जानेवारी २०१३ मध्ये, बॅटऱ्यांच्या दोषामुळे जगभरची ७८७ जमिनीवर उभी राहिली. ज्या विमानांच्या भरवशावर मार्ग आखले ती नाहीत आणि जुनी विमानं इंधन पीत उडताहेत, अशी मधली चार वर्षं गेली. नवं डिझाइन पहिल्या गिऱ्हाइकांमध्ये घ्यायचं असेल तर दोन-तीन वर्षांचा उशीर गृहीत धरावाच लागतो आणि तोवरचा पूल बांधून ठेवावा लागतो: थोड्या मुदतीचं भाडं, किंवा जुन्या विमानांच्या आतल्या दुरुस्तीचे पैसे. (जून २०२५ मध्ये अहमदाबादला अपघात झालेलं विमान ७८७-८ होतं. त्या दुःखाचा मी या खरेदीच्या चर्चेशी संबंध जोडत नाही आणि वर्गातही जोडू देत नाही.)

दोन घरं, दोन स्वयंपाक

इंडियन एअरलाइन्सचा करार २००६ च्या सुरुवातीचा. दोन्ही कंपन्या एक करण्याचा निर्णय २००७ चा. मधे जेमतेम एक वर्ष. या दोन गोष्टी एकाच मंत्रालयात चालल्या होत्या. परिणाम असा की एका छताखाली एकाच आकाराची दोन कुळं आली: बोइंग ७३७-८०० आणि एअरबस ए३२० चं कुटुंब. एकावर प्रशिक्षित वैमानिक दुसऱ्यावर लगेच बसू शकत नाही. सिम्युलेटर वेगळे, सुट्या भागांची कोठारं वेगळी, अभियंत्यांचे परवाने वेगळे. विमान एक कमी पडलं तर दुसऱ्या कुळातलं उचलून लावता येत नाही, म्हणून दोन्हीकडे राखीव विमानं ठेवावी लागतात. सहा महिने थांबून एकत्र मागणी नोंदवली असती तर छोट्या विमानांचं एकच कुटुंब उभं राहिलं असतं आणि भाव करतानाही जास्त जोर लागला असता. माझ्या मते या प्रकरणातली ही सर्वांत सहज टाळता येण्यासारखी चूक.

परिणाम

विलीन कंपनीचा पहिल्या वर्षाचा, म्हणजे २००७-०८ चा तोटा २,२२६ कोटी. २०११-१२ मध्ये तो ७,५५९ कोटींवर गेला. २०१२ मध्ये सरकारने २०२१ पर्यंत ३०,२३१ कोटी रुपये घालण्याची योजना मंजूर केली. ऑगस्ट २०२१ अखेर कर्ज ६१,५६२ कोटी. टाटांची १८ हजार कोटींची बोली ऑक्टोबरमध्ये मान्य झाली, त्यात १५,३०० कोटी कर्ज उचलणं आणि २,७०० कोटी रोख. २७ जानेवारी २०२२ ला ताबा गेला. ४६ हजार कोटींहून अधिक कर्ज सरकारी कंपनीकडे, म्हणजे आपल्याकडेच राहिलं.

सगळा दोष विमान खरेदीवर टाकणं मात्र न्याय्य नाही. २०११ च्या सुमारास कंपनीवर साधारण ४२-४३ हजार कोटींचं कर्ज होतं, त्यातलं विमानांसाठीचं निम्म्याच्या जवळपास. बाकीचं रोजचा तोटा भागवायला काढलेलं. विलीनीकरण कागदावर झालं, पगारश्रेणी आणि ज्येष्ठता यादीचे वाद मिटले नाहीत. उशिरा आलेली ७८७ पुढे ताफ्यातली सर्वांत उपयोगी ठरली, हेही खरं. त्या करारातूनच बोइंगने नागपूरच्या मिहानमध्ये देखभाल केंद्र बांधून दिलं, आणि हा फायदा महाराष्ट्राच्या पदरात पडला. तरी कॅगचा निष्कर्ष मला मान्य आहे: जवळपास सगळी खरेदी कर्जावर करण्यातच संकटाची पेरणी होती.

त्याच वर्षी, त्याच दुकानात

जून २००५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात इंडिगो नावाच्या, तोवर एकही उड्डाण न केलेल्या कंपनीने एअरबसकडे १०० ए३२० मागितली. लोकांना तो वेडेपणा वाटला. आकडा एअर इंडियाएवढाच मोठा होता. मग फरक कुठे पडला? एकच जात. विमान हातात येताच ते भाडे कंपनीला विकायचं आणि तिच्याकडूनच काही वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं, म्हणजे कर्ज ताळेबंदात साचत नाही आणि मोठ्या तपासणीची वेळ येण्याआधी विमान परत जातं. ताफा कायम तरुण राहतो. २०१७ मध्ये एटीआर ही छोटी, पंख्याची विमानं येईपर्यंत त्यांनी दुसरी जात घेतली नाही.

पण या उदाहरणाची पूजा करू नये. इंडिगोला तोट्याचे मार्ग चालवायचं बंधन राष्ट्रीय कंपनीइतकं नव्हतं, जुन्या कर्मचाऱ्यांचा भार नव्हता. आणि एकाच जातीच्या ताफ्याची दुसरी बाजू २०२३ मध्ये दिसली. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या धातूच्या भुकटीचा दोष निघाला आणि इंडिगोची डझनावारी विमानं उभी राहिली. गो फर्स्टने तर त्याच कंपनीच्या इंजिनांकडे बोट दाखवत त्या वर्षी मे महिन्यात दिवाळखोरी जाहीर केली. विमान एका जातीचं असावं, पण इंजिन शक्य तिथे दोन कंपन्यांचं असावं, हा मुद्दा पूर्वी मी वर्गात घेत नसे. २०२३ पासून घेतो.

मग आराखडा कसा असावा?

सुरुवात मार्गांच्या तक्त्याने. प्रत्येक मार्गावर आज कोण जातं, किती पैसे देतं, त्याच्याकडे दुसरा पर्याय कोणता आहे आणि पाच वर्षांनी तो पर्याय काय असेल. सरकारी कंपनी असेल तर हवाई हक्कांचं धोरण याच तक्त्यात लिहून घ्यायचं. त्यानंतर भांडवल. मालकाने स्वतःचे किती घातले यावर कर्जाची कमाल मर्यादा ठरवायची आणि त्या मर्यादेत बसतील तेवढीच पक्की विमानं. बाकीची ऐच्छिक हक्क, म्हणजे पुढे हवी तर घेण्याचा हक्क, म्हणून ठेवायची, प्रत्येक हक्काला तारीख आणि अट लावून: अमुक मार्गावर सलग दोन वर्षं आसनं अमुक टक्के भरली तरच पुढची पाच.

जुनी विमानं कधी काढायची याचं उत्तर वयात शोधू नये. ए३२० सारख्या विमानाची सर्वांत जड तपासणी बारा वर्षांनी येते. आतलं सगळं काढून सांगाडा तपासतात, विमान कित्येक आठवडे हँगरमध्ये अडकतं, खर्च कोटींत. शहाणी कंपनी त्या तारखेच्या आधी विमान विकते किंवा परत करते, नाहीतर तपासणी करून पुढची सहा वर्षं पूर्ण वसूल करते. सर्वांत वाईट म्हणजे तपासणीचा खर्च करायचा आणि वर्षभरात विमान काढायचं. म्हणून नव्या विमानांच्या येण्याच्या तारखा जुन्यांच्या तपासणीच्या तारखांशी जुळवाव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही. पण करोडो रुपये इथेच वाचतात किंवा जातात. त्यातही छोट्या मार्गांवर विमान दिवसाला सहा-आठ वेळा उठतं-बसतं, त्यामुळे त्याचा सांगाडा आणि चाकं तासांपेक्षा उड्डाणांच्या संख्येने झिजतात. तक्ता दोन्हींचा हवा.

आणि माणसं. एका छोट्या जेटला दहा-बारा वैमानिक लागतात, कॅप्टन व्हायला कित्येक वर्षं जातात. विमान पैशाने येतं, कॅप्टन नुसत्या पैशाने येत नाही.

टाटांच्या एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानं जाहीर केली आणि २०२४ च्या अखेरीस आणखी १०० एअरबस जोडली. आकडा १११ च्या पाचपट, म्हणून वर्गात लगेच विचारतात, पुन्हा तेच ना? माझं उत्तर सावध आहे. मालकाने भांडवल घातलं, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीन झाली, अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वैमानिक प्रशिक्षणाची संस्था उभारायला घेतली. म्हणजे पैसा, एकत्रीकरण आणि माणसं या तिन्हींकडे या वेळी आधी लक्ष गेलं. पूलही बांधला: भाड्याची विमानं आणली, जुन्या ६७ विमानांच्या आतल्या बदलासाठी ४० कोटी डॉलर ठेवले. तरीही आसनं बनवणाऱ्या कंपन्यांकडूनच माल वेळेवर येईना, आणि जुन्या विमानांतली मोडकी आसनं ठरल्यापेक्षा जास्त काळ प्रवाशांच्या नशिबी आली. शिवाय ७३७ मॅक्स आणि ए३२० ही दोन कुळं याही मागणीत आहेत. ते मला अजून खटकतं.

सोलापूरचा प्रश्न

२००५-०६ च्या १११ विमानांत सर्वांत लहान होतं ए३१९, सुमारे १२० आसनांचं. म्हणजे एवढ्या मोठ्या राष्ट्रीय खरेदीत सोलापूर, कोल्हापूर, नांदेड, जळगाव अशा गावांसाठी एकही विमान नव्हतं. वर्गात हा मुद्दा निघाला की मुलं चिडतात, आणि ते मला आवडतं. पण चिडून झाल्यावर हिशेब करायला लावतो.

सोलापूर-मुंबई रोज एक फेरी ए३१९ ने केली तर जाऊन-येऊन जवळपास २४० आसनं. पाऊण भरायची तर रोज १८० माणसं हवीत. फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारत साडेसहा तासांच्या आसपास मुंबईला पोचवते आणि रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस तर झोपेत नेते. विमानाचं तिकीट याच्यापुढे किती ताणता येईल? ७० ते ८० आसनांचं विमान घेतलं तर रोज १०५ ते १२० माणसांत भागतं. एटीआर ७२ तासाला ए३२० च्या साधारण एक तृतीयांश इंधन जाळतं आणि तिकीटखिडकीवर हाच फरक उतरतो. आज होटगी रोडवर तेच दिसतं. जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, जून २०२५ मध्ये फ्लाय९१ ची एटीआर गोव्याहून आली, ऑक्टोबरमध्ये स्टार एअरची ७६ आसनी एम्ब्रेअर मुंबईला जाऊ लागली. दोन्ही खासगी कंपन्या. मुंबईच्या मार्गाला राज्य सरकारने तूट भरून काढण्याची मदतही दिली.

सरकारकडे आज जी विमान कंपनी उरली आहे ती अलायन्स एअर, जिला एअर इंडियाबरोबर विकलं नाही. तिच्याकडे प्रामुख्याने एटीआर ७२-६०० आहेत आणि ती २०१४ च्या अखेरीपासून यायला लागली, मोठ्या खरेदीनंतर आठ-नऊ वर्षांनी. राष्ट्रीय कंपनी या शब्दाला आज काही अर्थ उरला असेल तर तो मला या लहान ताफ्यात दिसतो. त्याच्या नूतनीकरणाचा आराखडा वेगळ्याने, खुलेपणाने मांडला जावा असं मला मनापासून वाटतं: मदत मिळणारा मार्ग मदत संपल्यावर चालेल का, एखादं विमान बंद पडलं तर त्या आठवड्यात कुठल्या गावाची सेवा रद्द होणार, राखीव विमान कुणाच्या खर्चाने ठेवायचं. लहान ताफ्यात एक विमान उभं राहिलं तरी दोन-तीन गावं तुटतात. मोठ्या कंपनीला हे कळतही नाही.

वर्गाने मागच्या वर्षी २००५ च्या खुर्चीतून शेवटी असा ठराव केला: २८ विमानांचा मूळ प्रस्ताव पक्का. त्यावर ७८७ चे १५ ऐच्छिक हक्क, २००८ आणि २०१० अशा दोन तारखांना तपासायचे. ७७७-२००एलआर तीनच. छोटी विमानं दोन्ही कंपन्यांनी एकत्र, एकाच कुटुंबातली. अलायन्ससाठी दहा एटीआर. सरकारने आधी भांडवल घालायचं, मग सही.

एक गट शेवटपर्यंत विरोधात राहिला. त्यांचं म्हणणं, ७८७ ला जगभर रांग होती, पक्की मागणी नोंदवली नसती तर नंबर २०१५ च्या पुढे गेला असता आणि भावही चढला असता. हा आक्षेप खरा आहे. ऐच्छिक हक्क ठेवले की रांगेतली जागा पक्क्या मागणीइतकी भक्कम राहत नाही आणि त्याची किंमत द्यावी लागते. १४५ कोटींच्या भांडवलावर उभं राहून मी ती किंमत दिली असती, आणि उशीर झालेली वर्षं भाड्याच्या विमानांवर काढली असती. त्या गटाने मात्र १५ ऐवजी ७ पक्की आणि ८ ऐच्छिक असा मधला आकडा मांडला आहे. यंदाच्या वर्गाला त्यावरूनच सुरुवात करायला सांगणार आहे.